बॅटरी गार जागी ठेवावी

शनिवार, १८ एप्रिल

आधी दुरुस्ती. परवाच्या नोंदीत मी लिहिलं आहे की दाक्षायणीबाईंच्या अंगणात गवत कापायचं मशीन "आपोआप बंद पडलं". हे खरं नाही. मशीन बंद पडलं नाही, मी दांडी सोडली. मुठीला लागून असलेली ती दांडी दाबून धरली तरच खालचं पातं फिरतं. सोडली की थांबतं. माणसाला इजा होऊ नये म्हणून केलेली ती सोय आहे आणि ती उत्तम काम करते. पातं घरघरलं, मूठ थरथरली आणि सिनेमातल्या दरोड्यात बँकेतले लोक करतात तसे मी दोन्ही हात वर केले. मशीनच्या माथी उगीच दोष नको, म्हणून लिहून ठेवते.

उशीएवढं गवत कापलं गेलं. दाक्षायणीबाई पायरीवर चहा घेत बसल्या होत्या. आमच्या गल्लीमागच्या कॉलनीत राहतात, भूगोल शिकवून निवृत्त झाल्या आहेत. म्हणाल्या, "छान कापलंस की गं. उरलेलं अंगण कधी?"

मी म्हटलं, "बॅटरी गरम झाली असेल बाई. तिला विश्रांती हवी."

"इतक्यात?"

इतक्यात.

आणखी एक लिहायचं राहिलं होतं. हात वर करण्याच्या आधी, अगदी क्षणभर, कापलेल्या गवताचा वास आला आणि मला मोठ्यानं हसावंसं वाटलं. का ते माहीत नाही.

मंगळवार, २१ एप्रिल

मशीन आमच्याकडे आलं कसं, हे मी अजून क्रमानं लिहिलेलं नाही. अब्बांच्या टेम्पोवाल्यांच्या संघटनेत सोडत होती. पहिलं बक्षीस स्कूटी, दुसरं फ्रिज, तिसरं हे. आमचं तिसरं लागलं. अब्बांनी ते टेम्पोतून उतरवलं तेव्हा सगळी गल्ली जमली. आमच्या गल्लीत गवत म्हणून नाही. जे काही उगवतं ते समोरच्या केराबाईंची शेळी खाते.

आमचं घरातलं बोलणं दखनी. अब्बा मला शिकवायला बसू लागले तेव्हापासून माझ्याशी मराठीत बोलतात. अम्मीचं बोलणं मात्र मराठीत उतरत नाही, ते तसंच लिहिते. ती म्हणाली, "दूसरा फ्रिज था ना जी! एक नंबर से गया! अब इसमें क्या, दही जमाऊं?"

केराबाई मशीनभोवती एक चक्कर मारून म्हणाल्या, "माझी शेळी बघा की. गवात बी कापती, दूध बी देती, आन बॅटरी न्हाय लागत."

सगळे हसले. मीसुद्धा. मग मी आत जाऊन माहितीपुस्तिका वाचायला घेतली, आणि तेव्हापासून मी हसलेले नाही.

पुस्तिका इंग्रजीत आहे, पण बी.कॉम. पुरतं इंग्रजी मला येतं. त्यात जितके इशारे आहेत तितके मी कुठल्याच पुस्तकात पाहिलेले नाहीत. मला इशारे आवडतात. लहानपणी मला दम लागायचा, म्हणून तिसरीपर्यंत शाळा नव्हती. अब्बा मला टेम्पोत शेजारी बसवायचे आणि मागच्या खोक्यांवरून अक्षरं शिकवायचे. ही बाजू वर. काच आहे. ओले करू नये. मी वाचलेला पहिला शब्द 'सावधान'. अब्बांचा एकच नियम होता: "खोक्यावर लिहिलेलं ऐकायचं, आणि लिहिलेलं कधी खोडायचं नाही. लिहिणाऱ्याला माल माहीत असतो."

गुरुवार, ३० एप्रिल

आज मशीनची पूर्ण स्वच्छता केली. आधी बॅटरी काढली, मग सुरक्षेची किल्ली काढली, मग रबरी हातमोजे घातले. पाण्याचा फवारा मारायचा नाही, म्हणून कोरड्या ब्रशनं. पात्याखाली सुकलेलं गवत अम्मीच्या लाकडी उलथन्यानं खरवडून काढलं. लोखंडाचं वापरलं तर ओरखडे पडतात. दाक्षायणीबाईंच्या अंगणातलं चिमूटभरच गवत निघालं. बाकी मशीन नवंच होतं, पण पुस्तिका म्हणते प्रत्येक वापरानंतर.

अम्मी म्हणाली, "वापर कब किया गे तू?"

किल्ली मी बांगड्यांच्या डब्यात ठेवणार होते, पण मग ती सापडायला फार सोपी होईल. शेवटी गव्हाच्या कोठीवर ठेवली. बॅटरी आणि मशीन एकत्र ठेवायचं नाही. बॅटरीजवळ नाणी, खिळे, टाचण्या नकोत. मूठ दुमडून मशीन कपाटामागे उभं केलं. वर प्लास्टिक टाकायचं नाही, आत ओल धरते, असं मी नुसतं म्हणाले, आणि संध्याकाळी पाहते तर अम्मीनं जुन्या सोलापुरी चादरीचा अभ्रा शिवून त्याला नाड्या लावल्या होत्या.

"दही जमाने का नै तो क्या हुआ," ती म्हणाली, "नंगा कायकू रखना."

रविवार, ३ मे

संकट. पुस्तिकेच्या साठवणुकीच्या प्रकरणात लिहिलं आहे: हिवाळ्यासाठी मशीन ठेवून देताना बॅटरी निम्मी भरलेली असावी, कोरड्या आणि गार जागी ठेवावी, पंचवीस अंशांच्या आत उत्तम, चाळिसाच्या वर कधीही नाही.

आपल्याकडे मशीन हिवाळ्यात नाही, उन्हाळ्यात ठेवून द्यावं लागतं. आज बाहेर त्रेचाळीस. आमच्या घरावर पत्रा. बॅटरीवरच्या चार दिव्यांपैकी दोन लागतात, म्हणजे निम्मी भरलेली आहे, तेवढं बरोबर झालं. पण पंचवीस अंश मी कुठून आणू?

दाक्षायणीबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मे महिन्यात पंचवीस अंश? माझ्याकडच्या नकाशात दाखवते हवं तर. पण सोलापुरात नाही दाखवता येणार." मग म्हणाल्या, "अगं, वापरायची सोडून ठेवतेस कशाला? माझ्या अंगणात बघ. कपडे धुतलेलं पाणी जातं, गवत घोट्याच्या वर आलंय."

मी त्यांना समजावलं की सध्या साठवणुकीचा काळ आहे. बाईंना हे काही पटत नाही. शिकलेल्या माणसांना पुस्तिका वाचायची सवय नसते.

शुक्रवार, ८ मे

बॅटरी आतापर्यंत कुठं कुठं राहिली:

केराबाईंच्या घरी, माठाशेजारी. गार, पण ओल होती. दुपारी परत आणली. केराबाई रोज विचारतात, "निजलं का गं तुझं बाळ?" आता सगळी गल्ली बॅटरीला बाळच म्हणते.

कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये, एसीखाली. दुकानदार चांगला माणूस, पण सगळी गिऱ्हाइकं तिला हात लावून बघत होती. एका बाईनं तर ती रक्तदाबाचं मशीन समजून त्यात हात घालायला पाहिलं.

मावळतीच्या भिंतीला पाठ करून, बादलीत वाळू भरून त्यावर. ही माझी स्वतःची कल्पना. वाळूच तापली.

रात्री जेवताना अब्बा दुधनीच्या फेरीचं सांगत होते. दर आठवड्याला ते करकंबचा बेदाणा इथल्या कोल्ड स्टोअरेजमधून दुधनीला पोचवतात. "तिथं एका आडतदाराच्या दारात," ते म्हणाले, "बंगल्यापुढं हिरवळ केलीय. बोअरला पाणी आहे, पण कापायला माणूस नाही. गुडघाभर झालंय. म्हातारी रोज मलाच बोलते, जसं काही मीच लावलंय."

मी म्हटलं, "अब्बा, तुमच्या टेम्पोच्या केबिनमध्ये किती तापमान असतं?"

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. मग भाकरी मोडली.

मग अम्मीनं कुर्डुवाडीचा विषय काढला. तिथं माझी खाला, म्हणजे अम्मीची बहीण, राहते; खालूंचं स्टेशनसमोर स्टेशनरीचं दुकान आहे, खाला म्हणते मेहनाजला पाठवा, गल्ला सांभाळेल, पुढं तिकडंच एखादं स्थळ बघू. अब्बा म्हणाले, "शाळा सुरू होईपर्यंत थांबा. तोवर मशीनला एक गिऱ्हाईक मिळालं तर मशीन. नाहीतर कुर्डुवाडी."

मला गल्ला सांभाळता येईल. मी चांगला सांभाळेन, हीच भीती आहे. एकदा बसले की लोक म्हणतील, किती नीट करते, आणि मग मी तिथंच बसून राहीन. मला तो वास पुन्हा यायला हवा आहे, कापलेल्या गवताचा. पण बॅटरीच टिकली नाही तर गिऱ्हाईक मिळून उपयोग काय? म्हणून आधी बॅटरी.

बुधवार, १३ मे

काही नाही. चव्वेचाळीस. बॅटरी अम्मीच्या उशाखाली. अम्मी उशीशिवाय झोपली.

सोमवार, १८ मे

अब्बांनी मार्ग काढला! मला कसं सुचलं नाही? कोल्ड स्टोअरेज! आत फार थंडी असते, तिथून बाहेर काढलं की बॅटरीला घाम फुटेल, हे मी लगेच सांगितलं. पण बाहेरच्या खोलीत, जिथं पाठवायची खोकी रचून ठेवतात, तिथं वीस-बावीस अंश असतात. तिथले मुकादम बिभीषणभाऊ अब्बांचे दोस्त. म्हणाले, ठेवा की, बेदाण्यांत एक बाळ.

अब्बांनीच बेदाण्याचं एक रिकामं खोकं आणून दिलं. मी आत कोरडा कागद लावला, बॅटरीच्या टोकांवर तिचं झाकण बसवलं आणि बाहेर चारी बाजूंनी लिहिलं: ही बाजू वर. गार जागी ठेवावी. ऊन लागू देऊ नये. वर वजन ठेवू नये. मुलांच्या हाती देऊ नये. खाली माझं नाव आणि फोन. अब्बांनी मागं उभं राहून वाचलं आणि म्हणाले, "अशी अक्षरं असली तर हमाल पायातल्या चपला काढून उचलतील." मला इतकं बरं वाटलं.

खोक्याच्या एका बाजूला आधीच निळ्या जाड अक्षरांत 'दुधनी' लिहिलेलं होतं. ते मी खोडलं नाही. लिहिलेलं खोडायचं नाही. 'ध' अगदी अब्बा काढतात तसा, मोठ्या पोटाचा होता. लिहिणारा कोणीतरी अब्बांसारखाच खोक्यांवरून शिकलेला असणार.

अम्मी संध्याकाळी अब्बांवर ओरडत होती. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशाला निळी शाई लागली आहे. निघत नाही.

रविवार, २४ मे

गेले काही दिवस इतकी शांत झोप लागली की लिहायला काही नव्हतं. आज दाक्षायणीबाई रस्त्यात भेटल्या. "गवतात माझी मांजर हरवली परवा," म्हणाल्या. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

मंगळवार, २६ मे

बॅटरी गेली. दुधनीला.

सकाळी तिची दोन दिव्यांची तपासणी करायला कोल्ड स्टोअरेजमध्ये गेले, तर खोक्याची जागा रिकामी. बिभीषणभाऊ म्हणाले, "आगं, कालच्या मालात गेलं की ते. त्यावर दुधनी लिव्हलं हुतं."

कालचा माल अब्बांनी नेला होता! मी धावत घरी आले. अब्बा अंगणात टेम्पोची काच पुसत होते.

"अब्बा, त्यावर माझं अक्षर होतं! चारी बाजूंनी!"

"होतं," अब्बा म्हणाले, "म्हणून तर नीट नेलं. ही बाजू वर ठेवली. वर वजन ठेवलं नाही. पूर्ण रस्ता सावलीच्या बाजूला."

"पण ती बॅटरी होती!"

"खोक्यावर दुधनी लिहिलं होतं, मेहनाज. लिहिलेलं ऐकायचं."

नियम बरोबर आहे. अब्बा लगेच वळून टेम्पोच्या पलीकडे गेले. त्यांचे खांदे हलत होते. मी त्यांना कधी रडताना पाहिलेलं नाही. माझ्याच हलगर्जीपणामुळं त्या गरीब माणसाला आज एवढं वाईट वाटलं.

बुधवार, २७ मे

फोन आला.

"मेहनाज म्हंजे तूच का गं? मी सिद्धम्मा बोलायलीय, दुधनीहून. तुजं बाळ हाय माज्याकडं."

तिथंही बाळच म्हणतात! कसं पोचलं हे नाव? मी विचारायच्या आत त्या सुरू झाल्या. बेदाणा समजून मुलानं खोकं फोडलं, तर हे निघालं. नातीनं चारी बाजू वाचून दाखवल्या. "मी म्हन्लं, एवडं जपून तर कुनी पोरीला सासरी बी धाडत न्हाय. ऊन लावू नगा, वजन ठिवू नगा, पोरांच्या हातात दिऊ नगा!"

"आजी, ती आत्ता कुठं आहे?" मी विचारलं.

"माज्या खोलीत, पलंगाखाली. शाबादी फरशी हाय, भिंती दगडाच्या. दुपारी बी गार. सून एसी लावती, मला नगं वाटतंय. ह्येला बी नगं वाटत आसंल."

मी डोळे मिटून शुक्रिया म्हटलं. संपूर्ण जिल्ह्यात बॅटरीसाठी योग्य जागा एकच होती आणि ती तिथं आपोआप पोचली. मी म्हटलं, "आजी, अब्बा पुढच्या फेरीला येऊन घेऊन जातील."

"न्हाय."

"काय?"

"तुजा बाप न्हाय. तू ये. मशीन घिऊन ये. माज्या दारात हुल्लु, गवात गं, गुडगाभर वाडलंय. आठ तारखेला नातीचा साखरपुडा हाय तिथंच. पावनी मंडळी काय गवतात बसवू? तू कापून दे, बाळ घिऊन जा. बा, अव्वा, बा. ये गं माजी आई."

आणि फोन ठेवला.

ही ओलीस ठेवण्याची भाषा झाली. मी अब्बांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हातारी हट्टी आहे, मी काय करणार?" आणि पुन्हा टेम्पोच्या पलीकडे गेले.

गुरुवार, २८ मे

ईद. हातांना तुपाचा वास, नोंद उद्या.

सोमवार, १ जून

मी दुधनीला न जाण्याची कारणं काढून पाहिली. गुडघाभर गवत एकदम कापायचं नसतं. उंची जास्त ठेवून आधी एकदा, मग कमी करून पुन्हा. गवत ओलं असेल तर नाही. आधी दगड, काड्या, वायरी वेचायला हव्यात. अनोळखी अंगण. मी हे सगळं सिद्धम्मांना फोनवर सांगितलं, म्हणजे त्या माघार घेतील.

त्या म्हणाल्या, "दगड कालच येचले. पानी चार तारखेपासनं बंद करते, आपसूक वाळतंय. दोनदा काप, तीनदा काप. तुला सगळं म्हाईत हाय की गं! मंग भ्याचं कशाला?"

मला सगळं माहीत आहे. हे मला कोणी कधी म्हटलं नव्हतं.

तरी भीती वाटते. आणि मी ती इथं खरी लिहिते: मला बॅटरीची भीती वाटत नाही. दांडी दाबल्यावर जे सुरू होतं त्याची वाटते.

बुधवार, ३ जून

दाक्षायणीबाईंकडे गेले. विचारलं, तुमच्या अंगणात सराव करू का? त्या म्हणाल्या, "देवा! कर की. कर!" मग मी चादरीचा अभ्रा काढून मशीन आणलं.

"बॅटरी कुठाय?"

"दुधनीला."

"आणि किल्ली?"

"गव्हाच्या कोठीवर. पण तिची आज गरज नाही."

बाई पायरीवर बसून राहिल्या. मी मूठ उघडली, दांडी दाबली आणि बिनबॅटरीचं मशीन त्यांच्या उंच गवतातून ढकलत नेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वळवलं. परत. खालचं पातं फिरलं नाही, एकही काडी कापली गेली नाही, पण मी दांडी सोडली नाही. मांजर गवतातून उडी मारून बाहेर पडली, तरी सोडली नाही. केराबाई शेळी घेऊन कुंपणापाशी आल्या आणि ओरडल्या, "व्हय गं, आसंच रेटायचं!" शेळी अंगणात शिरली आणि माझ्या मागोमाग गवत खात चालू लागली. म्हणजे लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं की मशीन कापतंय. बाई इतक्या हसल्या की त्यांचा चहा सांडला. मी पण हसत होते. ढकलत होते, हसत होते, हात दुखत होते, आणि सोडत नव्हते.

बाई म्हणाल्या, "मेहनाज, तुला एप्रिलपासून माझं अंगण मिळालेलं होतं गं."

मी यावर विचार करते आहे. हे खरं असेल तर कुर्डुवाडीचा प्रश्न एप्रिलमध्येच सुटला होता. हे मला कसं दिसलं नाही, ते समजत नाही. पुस्तिकेत त्याबद्दल काही नव्हतं.

गुरुवार, ४ जून

खालाचा फोन आला. मी आतून ऐकत होते. अम्मी म्हणाली, "नै गे, मेरी बेटी कू टैम नै. दुधनी कू जाना है, आर्डर है." मग थोडं थांबून, "गवत का. नै, बकरी का नै गे, गवत का! मशीन से!" मग आणखी थांबून, एकदम हळू, "मैं भी जाती उसके साथ. देखना है मेरेकू."

तयारी झाली आहे. किल्ली कोठीवरून काढून माझ्या ओढणीच्या टोकाला बांधली. मशीनपासून वेगळी, आणि माझ्यापाशी. पात्याची धार पाहिली, खाचा नाहीत. मूठ दुमडून, चादरीचा अभ्रा घालून, टेम्पोत दोरीनं बांधायचं, चाकं खाली. तिथं गेल्यावर आधी किल्ली नाही, आधी बूट. अंगण चालून पाहायचं. मग बॅटरी पलंगाखालून काढायची, गरम नाही ना ते हातानं बघायचं, बसवायची. गवत कोरडं असेल. उंची सगळ्यांत वरची.

अभ्र्यावर लावायला मी पुठ्ठ्याची पाटी लिहिली: ही बाजू वर. सावधान. अब्बांनी ती वाचली, खिशातून निळं जाड पेन काढलं आणि खाली लिहिलं: दुधनी. तोच मोठ्या पोटाचा 'ध'. मी त्यांच्याकडे पाहिलं, मग पेनकडे, मग त्यांच्या खिशाच्या निळ्या डागाकडे. ते म्हणाले, "काय बघतेस? लिहिलेलं खोडायचं नाही."

मी खोडणार नाही.

अब्बांची दुधनीची फेरी सकाळी उन्हाच्या आधी निघते. रविवार, ७ जून. त्या दिवशी मी दांडी दाबणार, आणि गवत संपेपर्यंत सोडणार नाही.